मे महिन्यात सुरू झालेला हीटर

मोटारीच्या पाण्यावर मी बोलणार आहे हे कळल्यावर आमच्या महागावात दोन-चार जण हसले. त्यांचं काही चुकलं नाही. मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालेला माणूस मी. पोटापाण्याला कापडाचं छोटं दुकान, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की वहीत कविता. पण माझ्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक डाग आहे. तो गाडीच्या एका झाकणानं दिलेला आहे. त्याच अधिकारावर बोलतो.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. मर्सिडीझ ई-२२०, १९९६ सालची. १९९४ साली मर्सिडीझ-बेंझनं टेल्कोबरोबर भागीदारीत आपल्या देशात कंपनी काढली आणि १९९५पासून पिंपरीला, टेल्कोच्याच आवारात, गाड्यांची जुळणी सुरू झाली. कारखाना चाकणला गेला तो पुढे २००९ साली. त्या सुरुवातीच्या, पिंपरीत जुळलेल्या गाड्यांपैकी ही एक. जाणकार लोक तिला ‘डब्ल्यू १२४’ म्हणतात. भावानं ती कितव्या तरी हातातून घेतली. पुण्यात ठेवायला जागा उरली नाही तेव्हा ‘घरी राहू दे, अम्मीला दवाखान्यात न्यायला होईल’ म्हणून गावी आणून उभी केली. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते. तेही आम्ही करत होतो. एवढी मोठी, काळ्या रंगाची, पुढं तो चांदणीसारखा तारा उभा असलेली गाडी आमच्या गल्लीत आली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यांनी तिच्या बॉनेटवर असा हात फिरवला, की जणू बाजारातून बैल आणलाय.

बैलाचीच उपमा पुढं आमच्या अंगावर आली. कारण आम्ही तिला बैलासारखंच पाणी पाजत राहिलो. समोर हापसा आहे, बोअर आहे, बादली आहे. कमी झालं की ओत.

२०१८च्या एप्रिलात गाडीचा एसी मंदावला. गाडी चालली की दहा मिनिटांनी वारा कोमट व्हायचा. एसीवाल्यानं सांगितलं, गॅस संपला. भरला. आठ दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा भरला. तिसऱ्यांदा भरायला निघालो तेव्हा अम्मी मागून म्हणाली, ‘बेटा, पाँव जल रहे.’ मी खाली हात घातला तर पायांपाशी इस्तरीसारखा वारा येत होता. बाहेर ४३ अंश, आणि गाडीत हीटर चालू! दोन्ही चाकं, म्हणजे उष्णतेची बटणं, निळ्या टोकाला फिरवलेली. तरी हीटर चालूच.

इथं थोडं थांबून हे हीटर प्रकरण सांगतो, कारण विदर्भात राहून आपल्याला त्याची ओळख फारशी नसते. गाडीतला हीटर म्हणजे विजेची शेगडी नव्हे. तो एक दुसरा, लहान रेडिएटर असतो, डॅशबोर्डच्या पोटात लपवलेला. इंजिनातलं तापलेलं पाणी दोन रबरी नळ्यांतून तिथवर जातं आणि परत येतं. त्यावरून पंख्याचा वारा गेला की गाडीत ऊब येते. या गाडीत त्या पाण्याच्या वाटेवर विजेवर चालणारा व्हॉल्व्ह आहे, आणि त्याची रीत आपल्या नळाच्या उलट आहे. वीज मिळाली की तो बंद होतो. वीज तुटली, आतला पडदा फाटला किंवा दट्ट्या अडकला, की स्प्रिंगच्या जोरानं उघडाच राहतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही विक्षिप्तपणाची कमाल वाटली. मग लक्षात आलं की गाडी ज्या मुलखात आखली गेली तिथं हिवाळ्यात काचेवर बर्फ धरतं. तिथं बिघाड झालाच तर हीटर बंद पडण्यापेक्षा चालू राहणं बरं. तिकडं जे जीव वाचवतं ते आमच्याकडं पाय भाजतं, एवढंच.

आणि एसी का मंदावला, तेही यातच आलं. वारा आधी एसीच्या गार जाळीवरून जातो, मग हीटरच्या जाळीवरून. व्हॉल्व्ह उघडा राहिला की एसीनं गार केलेली हवा हीटर पुन्हा तापवतो. एसी बिचारा आपलं काम करत होता. आम्ही त्याच्या नावानं दोनदा गॅसचे पैसे मोजले. म्हणून सांगतो, जुन्या गाडीचा एसी मंद वाटला तर गॅस भरण्याआधी बॉनेट उघडून हीटरच्या नळ्या चाचपून बघा. हीटर बंद ठेवून, इंजिन गरम झाल्यावर आणि मग बंद करून, फडक्यानं हात लावायचा. व्हॉल्व्हच्या अलीकडची नळी गरम आणि पलीकडची गार असेल तर व्हॉल्व्ह शाबूत. दोन्ही सारख्याच तापलेल्या असतील तर चोर सापडला.

आमच्या मिस्त्रीनं चोर पकडला नाही, त्याचा रस्ताच बंद केला. पोरगा गुणी आहे, ट्रॅक्टरपासून जीपपर्यंत सगळं डोळे मिटून खोलतो. तो म्हणाला, ‘चाचा, आपल्याकडं हीटर कायले पायजे?’ आणि त्यानं हीटरच्या दोन्ही नळ्या काढून पितळी तुकड्यानं एकमेकींना जोडून टाकल्या. पाणी हीटरपर्यंत जाणारच नाही. काम पाच मिनिटांचं. मग उत्साहाच्या भरात म्हणाला, ‘थर्मास्टॅट बी काढून टाकतो. इंजिन गार राहीन.’ मीही हो म्हटलं. वर बोअरचं पाणी भरलं. एसी छान चालू झाला. मी खूष होऊन त्याला चहा पाजला. पुढच्या सगळ्या गोष्टीत त्याच्याइतकाच मी जबाबदार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मेच्या पहिल्या आठवड्यात अम्मीला नागपूरला न्यायचं होतं. हृदयाची तपासणी. रमजान दहा-बारा दिवसांवर आला होता आणि रोजे ठेवता येतील का, हे तिला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकायचं होतं. आम्ही सांगून तिला पटणार नव्हतं. निघायला उशीर झाला, अकरा वाजले. आर्णी मागं टाकली, चढ लागला, पुढं उसाचा की सरकीचा एक ट्रक, एसी पूर्ण. काटा ऐंशीच्या खुणेवरून सरकत सरकत वर गेला. मी बघत होतो आणि बघत नव्हतो. आपल्या माणसाचा ताप वाढतोय हे दिसत असूनही थर्मामीटर झटकून पुन्हा लावावा, तसं. वाफ दिसली तेव्हा गाडी कडेला घेतली.

अम्मीला लिंबाखाली बसवलं. शेतातल्या एका दादांनी विहिरीच्या पाण्याची कळशी आणून दिली. आणि मी, बी.ए. झालेल्या माणसानं, हातात रुमाल घेऊन ते झाकण फिरवलं.

प्रेशर कुकरची शिट्टी काढल्याशिवाय झाकण उघडू नये, हे आपल्या घरातल्या दहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. गाडीच्या पाण्याच्या टाकीचं झाकण म्हणजे कुकरचंच झाकण आहे, हे मात्र आपल्याला कुणी सांगत नाही. माझ्या झाकणावर १४० असा आकडा कोरलेला आहे. त्याचा अर्थ, आत बाहेरच्या हवेपेक्षा १.४ बार जास्त दाब होईपर्यंत हे झाकण पाणी सोडत नाही. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं. एवढ्या दाबाखाली ते १२५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे आत ११० अंशांचं पाणी पाण्याच्याच रूपात गुपचूप बसलेलं असतं. झाकण फिरवलं, दाब गेला, की त्याच क्षणी त्यातल्या काही भागाची वाफ होते आणि ती उरलेलं उकळतं पाणी घेऊन बाहेर झेपावते. माझ्या हातावर जे आलं ते हे. त्या दादांनी कळशीतलं पाणी इंजिनाऐवजी माझ्या हातावर ओतलं. माझा हातही वाचला आणि काही अंशी इंजिनही. कारण तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकू शकतं, त्याला चीरही जाऊ शकते. तास-दीड तास थांबा. वरची जाड नळी हाताला कोमट आणि मऊ लागली, की मगच जाड फडकं टाकून झाकण थोडं सैल करा, फुस्स आवाज संपू द्या, मग उघडा. घाई असेल तर पायी जा.

अम्मी यवतमाळपर्यंत एसटीनं गेली, तिथून दुसऱ्या बसनं नागपूर. हातावर ओला रुमाल बांधून मी सोबत. डॉक्टरांनी रोज्यांना नाही म्हटलं. त्याचा राग अम्मीनं आठवडाभर डॉक्टरांवर न काढता गाडीवर काढला.

गाडी नंतर ट्रकवर घालून नागपूरला नेली. तिथं एक सत्तरीचे मिस्त्री भेटले, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मोठ्या जुन्या गाड्यांवरच त्यांची हयात गेली. त्यांनी बॉनेट उघडलं, पितळी तुकड्याकडं पाहिलं, थर्मास्टॅटची रिकामी जागा पाहिली आणि म्हणाले, ‘हिचे दोन्ही दरवाजे तुम्ही काढले आणि वर म्हणता घर तापलं.’

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या शक्तीपैकी ढोबळमानानं एक तृतीयांश चाकं फिरवायला लागते, तेवढीच धुराबरोबर जाते आणि जवळपास तेवढीच पाण्याला उचलून बाहेर न्यावी लागते. पण इंजिन गार ठेवायचं नसतं. त्याला बेताचं गरम ठेवायचं असतं. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं आणि झिजतंही लवकर. या बेतावर नजर ठेवणारा पहारेकरी म्हणजे थर्मास्टॅट. आत मेणाची छोटी कुपी असते. माझ्या गाडीत पाणी ८७ अंशांच्या आसपास तापलं की ते मेण वितळून फुगतं आणि रेडिएटरकडची वाट उघडतं. इथवर पुष्कळांना ठाऊक असतं. पण या पहारेकऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक झाकणी असते, आणि आमचं नडलं ते तिथं. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरला न जाता एका आखूड वाटेनं इंजिनातच फिरत राहतं. रेडिएटरची वाट उघडत जाते तसतशी ही दुसरी झाकणी आखूड वाट बंद करत जाते. थर्मास्टॅट काढून टाकला की आखूड वाट कायमची उघडी. मग तापलेल्या पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरचं तोंडही न पाहता परत इंजिनात शिरतो. सपाट रस्त्यावर, सकाळच्या वेळी हे खपून जातं. मेच्या दुपारी, चढावर, एसी लावून नाही खपत. म्हणजे इंजिन गार राहावं म्हणून जे काढलं, त्याच्याच अभावानं ते तापलं.

आणि हीटर? चढावर काटा वर जायला लागला की एसी बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, हीटर आणि पंखा पूर्ण सोडावा. तो दुसरा रेडिएटरच असल्यामुळं इंजिनाची थोडी तरी उष्णता गाडीत ओढून घेतो. बसणाऱ्यांचे हाल होतात, पण पुढच्या सावलीपर्यंत इंजिन पोचू शकतं. पाणी टाकीत असेल आणि फिरत असेल तरच, हे मात्र खरं. पाणी वाहून गेलं असेल तर गाडी जागीच बंद करायची. आमच्याकडं तो दुसरा रेडिएटर आम्हीच तोडून ठेवला होता. नळ्या जोडणं हा अगदीच गुन्हा नाही. हीटरची जाळी आत गळायला लागली, गाडीत गोडसर वास आला, काचेवर आतून चिकट थर धरला, पायांखालचा गालिचा ओला झाला, तर घरी पोचेपर्यंत नळ्या जोडून घ्याव्यात. ती जाळी बदलायला सगळा डॅशबोर्ड काढावा लागतो, रस्त्यावर ते होत नाही. पण तात्पुरतं ते तात्पुरतं.

उस्तादांनी हीटरचा व्हॉल्व्ह खोलून माझ्या तळहातावर ठेवला. रबरी पडदा चिरलेला आणि दट्ट्याभोवती पांढरी खपली. ती खपली मी ओळखली. अम्मीच्या चहाच्या पातेल्याला आतून धरते तीच. आमच्याकडं काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी जड, क्षारांचं. पातेलं घासता येतं, रेडिएटरच्या बारीक नळ्या घासायच्या कशा? आत लोखंडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, पितळ, रबर, सगळे एकाच पाण्यात. त्यात नुसतं पाणी असलं की एक धातू दुसऱ्याला खायला लागतो. वीस-बावीस वर्षांच्या गाडीचा तो पडदा कधीतरी चिरणारच होता, पण खपली आमची देणगी.

मग कूलंटचा विषय निघाला. ‘आमच्याकडं कुठं बर्फ पडतो?’ हा माझाही प्रश्न होता. कूलंटमध्ये मुख्यतः इथिलिन ग्लायकॉल असतं. निम्मं ते आणि निम्मं शुद्ध पाणी असं मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. ते महागावात निरुपयोगी, मान्य. पण तेच मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा सात-आठ अंश उशिरा उकळतं, आणि त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात. आपल्याला हवीत ती ही. ही द्रव्यं खर्च होत जातात, म्हणून माझ्या गाडीसारख्या जुन्या गाडीत दोन-तीन वर्षांनी कूलंट बदलायचं. रंगावर जाऊ नका. हिरवा, निळा, गुलाबी हे रंग बनवणाऱ्याच्या मर्जीचे. दोन जातींचं मिसळूही नका, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेली जात घ्या. पाणी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड. आणि एक महत्त्वाचं. ही वस्तू चवीला गोड आणि पोटात विष आहे, मूत्रपिंडं निकामी करते. आमच्या मोहल्ल्यात दारोदारी शेळ्या-बोकड बांधलेले असतात, पोरं खेळत असतात. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. बंद डब्यात भरून, त्यावर लिहून ठेवा आणि गॅरेजवाल्याच्या हवाली करा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच नको.

हेड थोडं वाकलं होतं. ते फेस करून आणलं, नवं गॅस्केट घातलं. ऑइलचं झाकण उघडल्यावर आत ताकासारखा पांढरट थर दिसला नाही, म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलेलं नव्हतं, एवढं नशीब. तसा थर दिसला, सायलेन्सरमधून पांढरी वाफ थांबेना, किंवा पाण्याच्या टाकीत सारखे बुडबुडे यायला लागले, तर गाडी एक किलोमीटरही पुढं नेऊ नये. रेडिएटरच्या नळीचं प्लास्टिकचं तोंड वयानं ठिसूळ झालेलं, बोटानं दाबलं तर कपची निघाली. रेडिएटरच बदलला. जुना काढला तेव्हा एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत नमद्यासारखा थर निघाला. धूळ, किडे आणि कापूस. आमच्या जिल्ह्यातला रस्त्यारस्त्यावर उडणारा, जिनिंगच्या दारातला कापूस. उस्ताद म्हणाले, ‘गाडीला रजई पांघरली होती.’ आता दरवर्षी जिनिंगचा हंगाम संपला की मी इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेनं, तो भाग धुऊन घेतो. जोराची धार मारली तर जाळीच्या पात्या मुडपतात.

पाणी भरण्याचीही रीत आहे आणि ती चुकली की सगळं नवं सामान घालूनही गाडी तापते. आत हवा अडकते. गाडीचं नाक थोडं चढाला, दोन्ही बटणं पूर्ण लाल टोकाला, म्हणजे हीटरची वाट उघडी. थंड इंजिनात हळूहळू मिश्रण ओतायचं, वरची नळी हातानं दाबत राहायचं, बुडबुडे निघू द्यायचे. इंजिन सुरू करून पातळी खाली गेली की पुन्हा भर, आणि पाणी तापायच्या आत झाकण लावून टाक. हीटरमधून दमदार गरम वारा आला म्हणजे पाणी तिथवर पोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, टाकीवरच्या खुणेपर्यंत पुन्हा बघायचं. गरम असताना बघू नका, हे माझा हात सांगतो.

आमच्या मिस्त्री पोरालाही मी नागपूरला घेऊन गेलो होतो. त्यानं तो जुना थर्मास्टॅट खिशात आणला होता. उस्तादांनी चहाच्या भांड्यात पाणी तापवून त्यात तो सोडला. पाणी कढायच्या आधी ती चकती आपसूक हलायला लागली, एक तोंड उघडलं, दुसरं मिटलं. पोरगा कितीतरी वेळ त्यावर वाकून बसला होता. आता तो ट्रॅक्टरचाही थर्मास्टॅट काढत नाही. गिऱ्हाइकं त्याच्याशी वाद घालतात, तो भांडं मागवतो.

त्याच वर्षी डिसेंबरात उमरखेडला लग्न होतं. फजरची नमाज करून निघालो. पैनगंगेकडून धुकं आलेलं, काच आतून धुरकट होत होती. मी एसी लावला आणि बटणं लाल टोकाला फिरवली. एसीनं हवेतली ओल काढली, हीटरनं ती कोरडी हवा तापवली, काच स्वच्छ. तेच दोघं, एप्रिलात एकमेकांशी भांडणारे. मागं अम्मीनं शालीतून हात काढून वाऱ्यासमोर धरला आणि म्हणाली, ‘अब आने दे.’

डावीकडचं बटण अजून जरा अडकतं. या उन्हाळ्याआधी उस्तादांना दाखवायचं आहे.